गरीच्या नळ्यावर आपली खूण
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रोवणं आटोपलं की हाताला दोन-चार दिवसांची उसंत मिळते आणि पाय आपोआप बोडीकडे वळतात. कुणी टोपली घेऊन जातं, कुणी जाळी. आपल्यातल्या पुष्कळ जणी गरी घेऊन जातात. दोन तास बसलं तर संध्याकाळच्या भाकरीबरोबर कालवण होतं, बाजारात पैसे मोडावे लागत नाहीत. आज आम्ही मासे कसे धरायचे ते सांगणार नाही. ते तुम्हांला आमच्यापेक्षा चांगलं येतं. मासे धरून घरी आल्यावर ती गरी कुठे जाते, त्याबद्दल बोलणार आहोत.

कुठे जाते? छपराच्या वाशात खोचली जाते. नाहीतर दाराच्या मागे उभी राहते. उंदीर दोरा कुरतडतो. शेळी काठीला अंग घासते. पोरं तिचा घोडा करतात. गळ एखाद्या दिवशी लेकराच्या हातात शिरतो आणि मग दवाखान्याची वाट धरावी लागते. आणि घरात कुणी विचारलं, ही गरी कुणाची, तर उत्तर येतं, पोराची, नाहीतर त्याच्या बापाची. उन्हात तास-तासभर बसून मासे आणले बाईने, आणि काठी मात्र दुसऱ्याच्या नावावर. आमच्या गटात हे बोलणं निघालं तेव्हा सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

म्हणून आम्ही पाइपचे नळे केले. गरीची काठी ठेवायला एक लांब नळी, तळाला बंद, वर टोपण. आम्ही तिला नळाच म्हणतो. आणि त्यावर प्रत्येकीने आपापली खूण काढली. नळा करायला अर्धा दिवस लागला. खूण काढायला जास्त लागले, कारण कुणी काय काढायचं यावर वाद झाला. तो वादही सांगू, पण आधी नळा.

आपल्याकडे बांबू असताना प्लास्टिक कशाला, असं कुणीही विचारेल. आम्हीही विचारलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जो बांबू जास्त आहे, तो मानवेल. तो जाड सालीचा, पुष्कळदा जवळजवळ भरीव. गरीच्या काठीला तो उत्तम, वाकतो पण मोडत नाही. पण त्याची नळी होत नाही, आत पोकळ जागाच नसते. काटस बांबू पोकळ असतो, त्याचं नळकांडं होतं. मात्र काठी मावेल इतका लांब तुकडा घ्यायचा तर मधली सगळी पेरं आतून फोडावी लागतात. शिवाय बांबूला कीड लागते आणि पिठासारखा भुसा पडू लागतो. ज्याच्या आत काठी जपायची, त्यालाच कीड लागली तर ती काठीतही जाते. आणि पाइपचे तुकडे आपल्या दारात पडलेलेच असतात. शेतात पाइपलाइन टाकली, बोअरची मोटर बसवली, नळयोजनेचं काम झालं की दोन-तीन हात तुकडे उरतात. त्यांना कुणी विचारत नाही. दुकानातून नवा पाइप विकत आणून नळा करा, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. उरलेला असेल तर करा, नसेल तर शेजारणीकडे मागा.

काठीची गोष्ट आधी ठरवा. अख्खी सात-आठ हात बांबूची काठी नळ्यात मावणार नाही. बाजारात एकात एक शिरणारी, फोल्डिंगची काठी मिळते, ती मिटवली की नळ्यात जाते. बांबूचीच हवी असेल तर दोन तुकड्यांची करा. जोडाला पत्र्याची किंवा पितळेची घट्ट बसणारी नळी घाला. आमच्या दोघी-तिघींनी तशी केली. जोड थोडा जड होतो, पण मोठा मासा ओढतानाही टिकतो.

पाइपवर 63, 75, 90 असे आकडे छापलेले असतात. ते मिलिमीटर, आणि ते बाहेरचं माप आहे. आतली जागा त्याहून कमी. एका काठीला 63 चा पुरतो. मायलेकींच्या दोन काठ्या एकत्र ठेवायच्या तर 75 चा घ्या. लांबी काठीच्या मोठ्या तुकड्यापेक्षा चार बोटं जास्त. करवतीने कापताना पाइपभोवती वर्तमानपत्राचा सरळ कडेचा कागद घट्ट गुंडाळा, त्याची कड जुळली की तीच रेघ सरळ. नुसत्या नजरेने कापलं तर टोपण तिरपं बसतं.

तळाची कॅप सोल्युशन लावून पक्की करा. वरच्या कॅपला सोल्युशन लावायचं नाही, ती रोज काढायची आहे. पण ती इतकी घट्ट बसते की आतली हवा अडते आणि ओढून निघत नाही. तिला वर मधोमध एक बारीक भोक पाडा, मग सहज निघते. तळाशी जुन्या गादीतला कापूस किंवा चिंध्यांची गुंडाळी टाका, काठीचं टोक आपटत नाही.

भोक पाडताना तापवलेली सळई वापरू नका, हे आम्ही जोर देऊन सांगतो. हा पाइप तापला, जळला की त्यातून आम्लाचा धूर निघतो. डोळे आणि छाती जळते. करवतीने पडलेले तुकडेही चुलीत टाकायचे नाहीत. सुताराकडे हाताचं गिरमिट असतं, त्याने दोन मिनिटांत भोक पडतं.

तळाला भोक ठेवायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. भोक ठेवलं तर ओल निथळते, काठीला बुरशी येत नाही. नाही ठेवलं आणि वरचं भोक मेणाने बुजवलं, तर नळा पाण्यात पडला तरी तरंगतो, बुडत नाही. बोडीवर बसणाऱ्या बाईला पहिलं बरं. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या काठी डोंग्यातून जाणाऱ्या बाईला दुसरं बरं. तरंगतो म्हणून पाण्यात उतरताना त्याचा आधार घ्यायचा नाही. तो काठीचं वजन पेलतो, माणसाचं नाही.

आता सजावट. इथे बहुतेकींचा रंग पहिल्या पावसात निघून जातो, कारण आपल्याला भिंतीची सवय आहे. मातीची भिंत चुना पिते, गेरू पिते, शेण पिते. रंग तिच्यात मुरतो. पाइप काहीच पीत नाही. तो गुळगुळीत आणि वरून तेलकट असतो, कारखान्यातून निघतानाच. त्यावर गेरू लावला तर वाळून पापुद्रे पडतात. ऑइल पेंट थेट लावला तर आठवडाभर छान दिसतो आणि मग नखाने सालटं निघतात.

म्हणून पहिलं काम त्याची चकाकी मारायची. साबणाने धुवा, वाळवा. छापलेली अक्षरं चिंधीला थोडं थिनर लावून पुसा, अंगणात बसून, चुलीपासून लांब. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा. ओलाच घासायचा, कारण जुन्या पाइपांत शिसं मिसळलेलं असायचं, त्याची कोरडी धूळ नाकात जायला नको. पदर नाकाला बांधा, लेकरं जवळ नकोत, आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नका. पाइप सगळीकडून मंद, दुधी दिसू लागला की झालं. एखादी जागा चमकते का, ते उन्हात फिरवून पाहा. चमकली तर तिथला रंग सगळ्यात आधी निघणार.

घासून झाल्यावर हाताने धरू नका. आपण सकाळी केसांना तेल लावलेलं असतं, तेच बोटांना असतं. आमच्या एका नळ्यावर पाच बोटांच्या आकाराचा रंग निघाला तेव्हा कळलं की कुणी कुठे धरला होता. आत काठी घालून तिच्यावर नळा टांगावा, म्हणजे सगळ्या बाजूंनी रंगवता येतो.

मग प्लास्टिकला चालणारा प्रायमर, एक पातळ हात. तो पूर्ण वाळला की रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की तो ओघळतो आणि आतून ओला राहतो. वाळल्यावर चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला, तर पुन्हा घासायला बसा. कंटाळा येतो, पण नक्षी काढून झाल्यावर सालटं निघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रंग कोणता, हेही पाहा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम 2016 साली झाला, तो 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, लोखंडी फाटकाचा उरलेला रंग फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. तो रंग कारखान्यांच्या कामाचा असेल तर हा नियम त्याला लागू नाही, आणि आपण त्याच हातांनी मासा चिरणार आहोत.

तळाचा रंग फिकट ठेवा. पांढरा, पिवळा, फिकट हिरवा. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात 46-47 वर जातो. काळा किंवा गर्द निळा नळा उन्हात इतका तापतो की पाइप मऊ पडून वाकू शकतो. न रंगवलेला पाइपही उन्हाने वर्ष-दोन वर्षांत खरखरीत होतो आणि ठिसूळ पडतो, म्हणजे रंग नुसता शोभेचा नाही, ती त्याची साल आहे. पिवळ्याचा आणखी एक फायदा. गवतात ठेवलेला नळा लांबून दिसतो. हिरवा नळा आम्ही एकदा तासभर शोधला.

आता नक्षी. जमिनीवर रांगोळी काढताना ती कुठेही संपली तरी चालते. नळ्यावर तसं नाही. नळा बांगडीसारखा आहे, नक्षी फिरून जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. नाहीतर शेवटी अर्धं फूल उरतं. त्यासाठी नळ्याभोवती दोरा गुंडाळा, नेमका तोडा. तो दोरा म्हणजे नळ्याचा घेर. 63 च्या पाइपचा घेर साधारण 198 मिलिमीटर येतो, म्हणजे 33 मिलिमीटरची सहा फुलं बरोबर बसतात. 75 च्या पाइपचा घेर 236 च्या आसपास, त्यावर साडेएकोणतीसची आठ. मोजपट्टी नसेल तर दोऱ्याइतकी कागदाची पट्टी कापा आणि घड्या घाला. दोनदा घडी घातली की चार भाग, तीनदा घातली की आठ. घडीच्या रेघांवर ठिपके द्या, पट्टी नळ्याला गुंडाळा, ठिपके उमटवा. रांगोळी काढणाऱ्या हाताला पुढचं शिकवायला नको.

नागमोडी वेल हवी असेल तर दोरा तिरपा गुंडाळत वरपर्यंत न्या आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवा. बारीक कामाच्या मोहात पडू नका. नळा खांद्यावर असतो, लोक तो दहा-वीस हातांवरून पाहतात. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे आठवा. रात्रभर चालणारं नाटक, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, म्हणून पडदा रंगवणारा ठळक रंग घेतो आणि बारकाव्याच्या मागे लागत नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत आनंद झाला होता. पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून आम्ही एवढंच शिकलो की आधी मोठे फिकट भाग भरावेत आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी घालावी.

काय काढायचं, यावरचा वाद असा. आमच्यातल्या तरुण मुलींनी मोबाइलवर पाहून वारलीची माणसं काढायला घेतली. वारली चित्रं सुंदरच आहेत. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या, तिथून ती कला आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण ती त्यांची भिंत आहे. आपल्या गावात शाळेच्या भिंतीवर वारली, पंचायतीच्या फाटकावर वारली, आता गरीच्या नळ्यावरही वारलीच? मग आपल्या हाताला काही येतच नाही, असं होईल. गोंड चित्रं म्हणून जी पुस्तकांत दिसतात, ठिपक्या-रेघांनी भरलेले हरीण आणि मोर, ती मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीकडची. दुर्गाबाई व्याम त्याच भागातल्या, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी आजीकडून त्या भिंतीवरचं आणि जमिनीवरचं लिंपण-रेखाटन शिकल्या. आम्हांला दुर्गाबाईंचं हरीण उचलायचं नव्हतं, त्या जिथून शिकल्या ती जागा आपल्याकडे कुठे आहे, ते शोधायचं होतं.

शोधायला लांब जावं लागलं नाही. धानाची लोंब आहे. मोहाचं फूल आहे. टेंभराचं पान आहे, जे आपण उन्हाळ्यात पुड्यात मोजून बांधतो. सुपाची वीण आहे, एक वर दोन खाली. ती वीण नळ्यावर इतकी बरोबर बसते की जणू त्याच्यासाठीच केली. तिरप्या पट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या, दोनच रंगांत. ज्यांना चित्र येत नाही त्यांनी डोळे मिटून सूप आठवावं.

गोंदणावर मात्र अडलं. एका मुलीने आजीच्या हातावरचे ठिपके नळ्यावर काढायला घेतले. आजी म्हणाली, ते काढू नको. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, सोबत फक्त गोंदण येतं, ते प्लास्टिकवर कशाला? मुलगी म्हणाली, तुझ्यानंतर ते कुणाच्या हातावर राहणार? आमच्या पिढीत कुणी गोंदून घेत नाही. दोघींचंही खरं होतं. शेवटी आजीने स्वतः त्या नळ्यावर तुळस काढली, कोपराजवळची, आणि मनगटावरचे ठिपके काढू दिले नाहीत. ते ठिपके काय आहेत, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही.

देवांची चित्रं काढायची नाहीत, हे मात्र लगेच ठरलं. नळा चिखलात पडतो, त्याला पाय लागतो. कुळाचं चिन्ह असलेला प्राणीही काढायचा नाही.

नाव लिहायचं की नाही? भांड्यांवर आपण नाव घालतो, बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा ज्याने आहेर दिला त्याचं. नळ्यावर बाईचं नाव असावं, असं आमचं म्हणणं. पण सगळ्यांना वाचता येत नाही, आणि अंधारात नाव वाचणार कोण? म्हणून नाव टोपणाच्या आतल्या बाजूला, आणि बाहेर खूण. लोंब म्हणजे अमकीचा, वीण म्हणजे तमकीचा. एसटीत नळे एकावर एक ठेवले तरी उतरताना गोंधळ होत नाही. पोरांनाही आता कळतं, हा आईचा नळा आहे, विचारल्याशिवाय उघडायचा नाही.

ही खूण महत्त्वाची का, ते सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर लोकांनी बांधलेले. 1950 साली मालगुजारी संपवण्याचा कायदा झाला, तलाव सरकारकडे गेले, आणि माजी मालगुजारी म्हणून त्यांचं नाव मामा पडलं. तलावातले मासे सोसायटीकडे, सोसायटीचे सभासद बहुतेक पुरुष. जाळ्याने धरलेला मासा हिशेबात येतो. बाईने गरीने, टोपलीने, हाताने धरलेला येत नाही, तो घरातच शिजतो. म्हणून आपण मासेमारी करतो, हेच कुठे लिहिलेलं नसतं. खरं तर 2006 च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातल्या माशांचा उल्लेख आहे. पेसा कायद्यानेही छोट्या जलसाठ्यांचं नियोजन अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतीकडे दिलं आहे. ग्रामसभेत बोडीचा विषय निघेल तेव्हा कोण गरी टाकतं, हे सांगायला बायाच उभ्या राहिल्या पाहिजेत. आम्ही एकदा सभेला नळे घेऊनच गेलो. भिंतीला टेकवून ठेवले. मोजायला सोपं गेलं, अकरा नळे, अकरा जणी. ताडोबाच्या गाभ्यातल्या पाण्यात मात्र गरी टाकता येत नाही. तिकडच्या गावांतल्या बायांनी सोसायटीचं किंवा गावाचं पाणी कुठलं, हे आधी विचारून घ्यावं.

सजावटीच्या बाकी दोन रीती थोडक्यात. जुन्या लुगड्याचा काठ फेविकॉलने गुंडाळून चिकटवता येतो. दिसतो फार छान, पण वरून वार्निशचे दोन-तीन हात दिले नाहीत तर पावसात लगदा होतो. लुगडं सुती असावं, नायलॉनची साडी चिकटत नाही. दुसरी रीत आमच्या मते सगळ्यात चांगली. बुरडाच्या घरातल्या बाईकडून नळ्यावर बांबूच्या पातळ कामट्यांची वीण घालून घ्यायची. लग्नाच्या परड्यांना ती जशा रंगीत कामट्या घालते, तशा मधूनमधून घातल्या तर रंगाची गरजच नाही. हाताला पकड येते, नळा आपटला तर वीण धक्का झेलते, आणि चार पैसे गावातल्याच बाईकडे जातात. कामट्या मात्र नीट वाळलेल्या हव्यात, नाहीतर सैल होतात. वरून उन्हाळ्यात एकदा कडुलिंबाचं तेल फिरवा.

खांद्याला अडकवायला पट्टा चिंध्यांच्या तिपेडी वेणीचा करा. गळ, शिसं, जास्तीचा दोरा ठेवायला गोळ्यांची रिकामी झाकणाची डबी नळ्याला बांधा. गळ असे सुटे ठेवायचेच नाहीत. तुटलेला नायलॉनचा दोरा काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो. तोही त्याच डबीत.

आणि रेडियमची पट्टी. हिच्यावर आम्ही वाद घातला नाही. दिवस मावळताना आपण परततो, सायकलवर किंवा पायी, रस्त्याच्या कडेने. खनिजाचे ट्रक, रेतीचे ट्रक त्याच रस्त्याने जातात. सायकलला आडवा बांधलेला नळा हातभर बाहेर येतो. तो उभा बांधा, आणि मागच्या टोकाला लाल, पुढच्या टोकाला पांढरी रेडियमची पट्टी गुंडाळा. सायकलच्या दुकानात मिळते. नक्षीत ती बसत नाही, असं दोघी म्हणाल्या. मग लोंबीच्या खाली एक लाल पट्टा आधीच धरून नक्षी काढली, आता ती शोभेचीच वाटते.

ढग गडगडायला लागले की लांब काठी हातात ठेवू नका. मिटवून नळ्यात घाला, नळा खाली ठेवा आणि पाण्यापासून, एकट्या झाडापासून लांब व्हा. ओली काठी विजेच्या तारेखाली उभी करू नका. रानडुकरासाठी शेताला लावलेल्या तारेला तर नळाही लावून पाहू नका. आणि बोडीवर एकटीने जायचं नाही. वाकून बसलेली बाई वाघाला बाई वाटत नाही. चौघी गेलात तर तिघींनी गरी टाकावी, एकीने उभं राहून मागे पाहावं, पाळीपाळीने.

हे नळे विकायचे का, असं पुष्कळ जणी विचारतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या वस्तू खपतात, मग नळेही खपतील, असं कुणीतरी म्हटलं. आम्हांला घाई करावीशी वाटत नाही. इथल्या बाजारात गिऱ्हाईक किती, हे आधी पाहा. हौसेने मासे धरणारे शहरातले लोक महागड्या काठ्यांसाठी अॅल्युमिनियमचे नळे वापरतात, त्यांना बांबूची वीण घातलेला नळा आवडू शकेल. पण एका नळ्याला घासण्यापासून वार्निशपर्यंत चार दिवसांत मिळून किती तास जातात, ते वहीत लिहा, आपल्या मजुरीने गुणा, मग किंमत सांगा. मजुरी न धरता विकला तर ती देणगी होईल.

पहिला पाऊस संपला की नळा एकदा तपासा. टोपणाच्या कडेला आणि पट्टा घासतो तिथे रंग आधी उडतो. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा भरा, सगळा खरवडू नका. काठी दर वेळी कोरडी करूनच आत ठेवा, आणि घरी आल्यावर रात्रभर टोपण उघडं ठेवा. सोल्युशनचा डबा वापरून झाल्यावर झाकण घट्ट लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याचा गोळा झालेला असतो. आमच्या गटाकडे अजून 63 चे सात-आठ तुकडे आहेत, ज्यांना हवेत त्यांनी पुढच्या बैठकीला काठीची लांबी दोऱ्याने मोजून तो दोरा घेऊन यावा.